पातळ हवेतला आवाज

तळवस्तीत सगळे बदकासारखे बोलत. जमिनीवरून नवा आलेला माणूस सुरुवातीला पोट धरून हसे, आणि मग आपलं हसूही तसंच ऐकू येतंय हे कळल्यावर मुकाट कामाला लागे.

मालवणहून बोटीनं दिवसभर गेलं की समुद्राच्या तळाशी ही वस्ती होती. बाहेर पाण्याचा प्रचंड दाब, म्हणून आतली हवाही तेवढ्याच दाबाची ठेवावी लागे. एवढ्या दाबाखाली आपल्या नेहमीच्या हवेतला नायट्रोजन माणसाला दारूसारखा चढतो. तेव्हा तो काढून त्याच्या जागी हेलियम भरलेला असे. वस्तीतले लोक तिला ‘पातळ हवा’ म्हणत. श्वासाला उत्तम, पण आवाजाचं पार भरीत करणारी.

हेमांगी गिरकर तिथे पाइपांचं वेल्डिंग करी आणि तिचा नवरा दिगंबर पंप सांभाळी. त्यांची जुई तिथेच जन्मली. हेमांगीनं तिला जोजवलं, दटावलं, गाणी म्हटली, ते सगळं त्याच चिरक्या आवाजात. जुईला चौथं लागलं तेव्हा दोघांनी ठरवलं, पोरीला ऊन मिळायला हवं. दिगंबरचा करार संपायला वर्ष होतं, म्हणून माय-लेकी आधी वर निघाल्या.

वर येणं म्हणजे एका पोलादी खोलीत मुक्काम करणं. दाब कित्येक दिवस हळूहळू उतरवायचा आणि अगदी शेवटी हेलियमच्या जागी साधी हवा सोडायची. शेवटच्या दिवशी हेमांगीला स्वतःचा आवाज परत मिळाला. जाडसर, घोगरा, ती तो विसरूनच गेली होती. आनंदानं ती म्हणाली, “जुई, दूध पिऊन घे गं.”

जुईनं मागे वळून पाहिलं. मग सगळी खोली न्याहाळली. “आई कुठे गेली?” तिनं विचारलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यानंतर ती बोलेचना.

किनाऱ्यावरच्या केंद्रात डॉ. आफरीन मुकादम होत्या. माणूस बोलतो कसा, हाच त्यांचा अभ्यास. त्यांनी हेमांगीची बोटं तिच्याच गळ्यावर ठेवली.

“‘आ’ म्हणा. थरथर लागतेय? फुप्फुसं भात्यासारखी हवा ढकलतात, तिच्यामुळे इथल्या दोन इवल्या घड्या थरथरतात. हे स्वरतंतू. पण त्यांचा आवाज नुसती भुणभुण असते. घसा, तोंड, नाक या पोकळ्यांत ती घुमते, जीभ-ओठ तिला आकार देतात, तेव्हा कुठे ‘आ’ होतो नि ‘ई’ होतो.”

“मग खाली बिघडतं काय?”

“थरथर जवळपास तीच राहते. घुमारा बदलतो. हेलियममधून ध्वनी फार वेगानं धावतो, त्यामुळे तुमचा घसा जणू आखूड होतो. जुईची जीभ त्या घुमाऱ्यात बोलायला शिकलीय. आणि हेमांगीताई, मूल आईला ओळखतं ते आधी आवाजानं. पोटात असल्यापासून. चेहरा नंतर येतो.”

डॉक्टरांकडे एक उपाय होता. कानात बसवायचं बारीकसं यंत्र. ते जमिनीवरचा प्रत्येक आवाज पातळ हवेतला करून ऐकवी. “लगेच बोलायला लागेल. पण मग काढणं जड जाईल.”

हेमांगीनं त्या संध्याकाळी विचार केला. पोरगी गप्प बसलेली बघवत नव्हती. तरी सकाळी ती म्हणाली, “नको. मी आहे तशी तिला ऐकू दे.”

मग ती दिवसभर बोलत राहिली. भाजी चिरताना, वेणी घालताना, वाळूत बसून शिंपले वेचताना. जुई ऐकत राही. एके दिवशी खेकडा बिळात पळाला तशी ती म्हणाली, “गेला.” स्पष्ट, गोल, जमिनीवरचा शब्द. हेमांगीनं तिला उचलून घेतलं. त्यानंतर पोरीच्या तोंडाला खळ उरला नाही. बालवाडी सुरू झाली, गालांवर ऊन चढलं. रोज फोनवर दिगंबरशी ती मुद्दाम आवाज चिरका करून त्याच्या बोलीत गप्पा मारी आणि फोन ठेवला की सहज इकडची होई. हेमांगीला वाटलं, सुटलो.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं. त्यांनी हेमांगीचं अलीकडचं बोलणं ऐकवलं. “हे कोण?”

“आई,” जुई म्हणाली.

मग वस्तीत रेकॉर्ड केलेली अंगाई लावली. जुईचा चेहरा फुलला. “ही पण आई. खालची.”

“दोघी एकच ना?”

जुईनं मान हलवली. नाही. डॉक्टर चुकल्यात, एवढंच. तिनं खिडकीशी उभ्या असलेल्या हेमांगीकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरांच्या कानाशी तोंड नेलं. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, नुसता श्वास बोलतो; पण खोली लहान होती.

“ती बाबांजवळ आहे. मला रोज आठवते. हिला सांगू नका हं, हिला वाईट वाटेल. ही पण खूप चांगली आहे.”

हेमांगी बाहेरच्या नारळांकडे बघत राहिली.

परतताना जुई तिचं बोट धरून उड्या मारत चालत होती. “डॉक्टरांना काय सांगितलंस गं?” हेमांगीनं विचारलं.

“काही नाही,” जुई गोड आवाजात म्हणाली, आणि तिनं आईचं बोट आणखी घट्ट धरलं. जमिनीवर आल्यापासून ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती, तेही एका भल्या बाईचं मन राखायला.