पहिली खेप आणि घरचा कप

त्या दिवशी दशरथ रणपिशांचा उजवा गुडघा दुखला नसता, तर ही गोष्ट घडलीच नसती. तसा तो रोजच दुखायचा, पण त्या सकाळी त्यानं टेम्पोची पायरी चढायला साफ नकार दिला. म्हणून हडपसरच्या डेपोतून विटांचा टेम्पो निघाला, तेव्हा शंभू ड्रायव्हरच्या शेजारी दशरथरावांची लेक बसली होती... प्रियदर्शनी. ओढणी कमरेला खोचलेली, वेणी घट्ट आणि चेहऱ्यावर 'लवकर आटपा, मला कामं आहेत' असा अस्सल पुणेरी भाव.

मांजरी गावातल्या एका गुंठ्याच्या प्लॉटवर एक उंच, हडकुळा तरुण उभा होता. गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र तसंच लोंबत होतं. बाभळीखाली थंडीतलं कोवळं ऊन पडलं होतं आणि तो त्या उन्हाच्या तुकड्यात नेमका मावून उभा होता.

प्रियदर्शनी उतरली, वरची एक वीट उचलली, ओढणीनं पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"धरा."

"हे काहून?"

'का'च्या ऐवजी 'काहून' ऐकून तिला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. "पहिली खेप आहे. आमच्याकडे पहिली वीट घरचं माणूस उतरवतं. बाकीच्या हमाल उतरवतील."

"अन् मी काय करायचं?"

"चहा द्यायचा. घरच्या कपात. कागदी नको, टपरीवरचा नको."

त्यानं वळून प्लॉटकडे पाहिलं. चार खुंट्या आणि एक दोरी, एवढंच त्याचं घर होतं. मग काहीतरी आठवून तो मोटरसायकलकडे धावला आणि पिशवीतून एक थर्मास आणि एक निळा कप घेऊन आला.

"कप एकच आहे... खोलीवर एकटाच राहतो ना मी."

ती निळ्या कपातून प्याली, तो थर्मासच्या झाकणातून. नाव अभय मेश्राम, गाव भंडारा, घर बांधतोय आईला पुण्यात आणायला. एवढी माहिती तिनं न विचारताच मिळाली.

"साखर कमी नाही ना झाली?" त्यानं काळजीनं विचारलं.

"छे. उरलेली बांधकामात वापरा, सिमेंट कमी लागेल."

तो इतक्या मोकळेपणानं हसला की टोमणा मारणारीच जरा खजील झाली.

"पुढच्या खेपेला येणार ना तुम्ही?"

"नाही. घरचं माणूस फक्त पहिल्या खेपेला येतं."

"अन् मी दुसरं बांधकाम काढलं तर?"

"तर पुन्हा पहिली खेप," ती टेम्पोत चढता चढता सहज बोलून गेली. हे बोलणं पुढे किती महागात पडणार आहे, याची तिला कल्पना नव्हती.

आठव्या दिवशी डेपोत फोन आला. मेश्रामांना पाण्याचा हौद बांधायचा होता. हौद म्हणजे नवं बांधकाम, असा निवाडा दशरथरावांनी दिला आणि गुडघा बरा असल्यानं ते स्वतःच गेले. प्रियदर्शनी दिवसभर उगाचच हमालांवर खेकसत होती.

संध्याकाळी वडील परतले ते खुशीत. "तीन कप चहा झाला. पोरगं चांगलं आहे गं. पण मी बोलत असताना सारखं टेम्पोत डोकावून बघत होतं. अजून कोणी उतरायचं राहिलंय का म्हणून."

"मग तुम्ही काय बोलत होता एवढं?"

"डेपोचा इतिहास सांगितला. आजकाल ऐकतंय कोण?"

तो इतिहास प्रियदर्शनीला तोंडपाठ होता. डेपोच्या पाटीवर आजही लिहिलेलं आहे, 'रावसाहेब रणपिसे आणि मंडळी, जळाऊ कोळसा व इमारत साहित्य'. त्यातली मंडळी म्हणजे तिची आजी, कौशल्याबाई. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दोनच वर्षांनी नवरा-बायकोनं कोळशाची वखार टाकली. रावसाहेब वखार सांभाळायचे, कौशल्याबाई डोक्यावर पाटी घेऊन घरोघर कोळसा पोचवायच्या. त्या काळी कोळशावर पाणी मारून वजन वाढवायची रीत होती. रणपिशांचा कोळसा मात्र खडखडीत कोरडा, म्हणून चांगली चांगली घरं त्यांच्याकडून घ्यायची. कोळसा घ्यायची, पण बाईंना पाणी द्यायची वेळ आली की ओंजळीत वरून. चहा दिलाच तर वळचणीला ठेवलेल्या फुटक्या कपात, आणि तो कपही बाईंनीच विसळून ठेवायचा.

एक दिवस कौशल्याबाईंनी तो फुटका कप न उचलता पाटी उचलली आणि कोळशासकट घरी परत आल्या. म्हणाल्या, "आजपासून नव्या घराची पहिली खेप मी नेणार. घरच्या कपात चहा मिळाला तर माल टाकायचा. नाही मिळाला, तर त्यांनी थंड पाण्यानं आंघोळ करावी."

रावसाहेबांना वाटलं, धंदा बसला. पण कोरड्या कोळशाची ओढ अशी, की हळूहळू फडताळातले कप बाहेर निघाले. पुढे घरोघर गॅस आला आणि कोळसा उतरणीला लागला, तेव्हा वखारीत वाळू, विटा, सिमेंट आलं. इंधन म्हणून आता इस्त्रीवाल्यांसाठी आणि दोन-चार तंदूरवाल्यांसाठी कोळशाची पोती तेवढी उरली होती. पण पहिली खेप घरच्या माणसानंच न्यायची, ही रीत एकदाही मोडली नव्हती. आई गेल्यापासून घरची माणसं दोनच होती, दशरथराव आणि प्रियदर्शनी.

आणि तिथंच तर सगळं अडलं होतं. आतापर्यंत दोन स्थळं आली, दोन्ही छान शिकलेली. एकाची आई म्हणाली होती, "लग्नानंतर टेम्पोत बसणं बरं दिसत नाही हो." दुसरा स्वतःच म्हणाला, "छंद म्हणून ठीक आहे." प्रियदर्शनीनं दोघांनाही घरच्या कपात चहा पाजून वाटेला लावलं होतं.

मार्चमध्ये मेश्रामांनी धुण्याचा कट्टा काढला. ह्या खेपेला मात्र तीच गेली, आणि निघण्याआधी वेणी दोनदा घातली. का, ते विचारू नये.

अभयनं निळा कप तिच्या हातात दिला, पण पहिल्या दिवसासारखी बडबड केली नाही. "काकांनी सांगितलं मला... आजींच्या कपाचं. माझ्या आज्याचा पण वेगळा कप होता, गोठ्याच्या भिंतीत ठेवलेला. बाबा सांगायचे. त्या दिवशी तुम्ही चहा मागितला, तेव्हा मला वाटलं पुण्याची पोरगी, नखरे असतील."

"नखरेही आहेत," ती हळूच म्हणाली. "पण चहाचे नाहीत."

तिनं कप रिकामा करून त्याच्या हातात परत दिला. तिला वाटलं, ह्या माणसाशी बोलणं किती सोपं आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला त्याचा पुन्हा फोन आला. "नवीन बांधकाम आहे."

"आता काय?"

"कुत्र्याचं घर."

"तुमच्याकडे कुत्रा आहे?"

"घर झालं की येईन ना तो."

पाच पोती सिमेंट घेऊन ती पोचते न पोचते तोच अवकाळी पाऊस आला. पोती भिजली तर दगड होतील! शंभूनं एक टोक धरलं, त्या दोघांनी दुसरं, आणि ताडपत्री कशीबशी ओढली. शंभू पळत केबिनमध्ये शिरला, ही दोघं ताडपत्रीखालीच अडकली. टपटप आवाज, सिमेंटचा कोरडा वास, आणि एक हात अंतर... तेही नीट मोजलं तर कमीच.

"प्रियदर्शनी," तो म्हणाला, "मला कुत्रा नाही पाळायचा."

"माहीत आहे."

"हौदाचीपण घाई नव्हती."

"तेही माहीत आहे. कट्टा तर अगदीच वाकडा झालाय."

"मग तुम्ही येत कशाला होत्या?"

तिनं त्याच्या भुवईवरचा सिमेंटचा ठिपका ओढणीच्या टोकानं पुसला. "पहिली खेप होती ना," एवढंच ती म्हणाली. पण ते ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज तिला स्वतःलाही नवा होता. ती प्रेमात पडली होती आणि आता नाकारण्यात काही अर्थ नव्हता.

मेमध्ये भंडाऱ्याहून विमलाबाई, अभयची आई, नवं घर बघायला आल्या. अभयनं त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. प्रियदर्शनीला त्यांनी शेजारी बसवून घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "पोरी, लगन झाल्यावर टेम्पोत कोन जाईन मंग?"

प्रियदर्शनीनं अभयकडे पाहिलं. तो काहीतरी म्हणेल... आत्ता म्हणेल... पण तो खाली फरशीकडे बघत बसला. बोटांवर काहीतरी मोजत होता.

तिसरं स्थळही तसंच निघालं म्हणायचं. तिनं कप खाली ठेवला आणि शंभूदादांना गाडी काढायला सांगितली. त्यानंतर चार दिवस तिनं त्याचा फोन घेतला नाही. चार दिवस तिला जेवणही गेलं नाही, पण ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी दशरथरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहाव्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसली असताना शंभूचा फोन आला. कोथरूडच्या सत्यशीलाताईंच्या बंगल्यावर नवा मजला चढत होता. त्यांची पहिली खेप आजच न्यायची होती, गवंडी येऊन बसले होते.

"घरचं माणूस तर कोणीच नाही, ताई. मी एकटाच नेऊ का?"

फोनमधला शंभूचा मोठा आवाज ऐकून दशरथराव उठून बसायची धडपड करायला लागले. "मला खुर्चीत घालून न्या! आईची रीत मोडायची नाही."

"बाबा, टाके तुटतील! झोपा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांना सोडून जाता येत नव्हतं आणि आजीची रीत मोडवत नव्हती.

"ताई," शंभू चाचरत म्हणाला, "इथं एक जण पहाटेपासून येऊन बसलाय. म्हणतोय, मी जातो."

पलीकडून फोन हातात घेतल्याचा आवाज आला. तिनं नकळत स्पीकर लावला.

"प्रियदर्शनी, मी अभय. मी नेतो खेप."

"घरचंच माणूस लागतं," ती कोरडेपणानं म्हणाली.

"म्हणून तर विचारून राहिलो."

ती उठून उभी राहिली. "त्या दिवशी का नाही बोललात? आईंनी विचारलं तेव्हा?"

"मोजत होतो ना! वर्षात रजा किती, शनिवार-रविवार किती. टेम्पोत तूच जाशील, ते तर ठरलेलंच आहे. पण तू आजारी असलीस, काका आजारी असले, उद्या आपलं लेकरू झालं... तर मी किती खेपा नेऊ शकतो, ते बघत होतो. मोजून होईस्तोवर तू निघून गेलीस. फोन घेतला असता तर सांगितलं असतं. आईलापण सांगितलंय. ती म्हणे, मला पण बसव एकदा टेम्पोत."

तिला हुंदका आला की हसू, तिलाच कळेना. शेवटी खाटेवरून दशरथरावच ओरडले, "अहो मेश्राम, वीट पुसून द्या! आणि कप घरचाच आहे का, बघून घ्या. कागदी कपात दिला तर माल घेऊन परत या!"

तासाभरानं फोटो आला. अभयच्या केसांत विटेची लाल धूळ, हातात बशीसकट कप. खाली लिहिलं होतं, 'चहा घरच्या कपात मिळाला. ताई विचारतायत, रणपिशांचे तुम्ही कोण? काय सांगू?'

प्रियदर्शनीनं तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. मग एकदाचं पाठवलं, 'सांग, होणारा जावई.'

संध्याकाळी तो दवाखान्यात आला, तसाच धुळीनं माखलेला. पिशवीतून थर्मास काढला, मग तो निळा कप, आणि मग आणखी एक निळा कप, कोरा करकरीत, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेला. कोरा तिला दिला, जुना स्वतः घेतला. दशरथरावांसाठी मात्र काहीच नव्हतं. तो ओशाळून बाहेर गेला आणि दवाखान्याच्या यंत्राजवळचा कागदी कप घेऊन आला.

दशरथरावांनी त्या कपाकडे पाहिलं, मग लेकीकडे. "शाब्बास! साठ-पासष्ट वर्षं आम्ही लोकांच्या फडताळातले कप काढायला लावले, आणि आमच्याच घरात मला कागदी कप?"

प्रियदर्शनी हसली. आपला कोरा कप तिनं वडिलांच्या हातात दिला आणि अभयच्या कपातला एक घोट घेतला. चहा नेहमीसारखाच भयंकर गोड होता, आणि त्याबद्दल तिनं एक शब्दही काढला नाही.