मिटल्या डोळ्यांचा प्रसंग

पडद्यावर नाव काठाला लागायला आली आणि विश्रामराव शिंत्र्यांनी सवयीप्रमाणे डोळे घट्ट मिटून घेतले. आता आधी वल्ह्याचा आवाज येणार, मग चिखलात पडणारी छोटी पावलं, मग बराच वेळ काहीच नाही आणि शेवटी पोरीचं हसू. हसू आलं की डोळे उघडायचे. पत्नी सुलभाताई होत्या तोवर त्या हळूच कोपराला चिमटा काढून "झालं हो" म्हणायच्या. त्या गेल्यापासून विश्रामराव आवाजावरच भागवत होते.

त्या रविवारी वल्हं वाजलंच नाही. एकदम सनई सुरू झाली. डोळे उघडून पाहतात तर नावांची यादी वर सरकत होती आणि चित्रपट मंडळातली माणसं चहाच्या कपांकडे वळली होती.

"संपला?" विश्रामरावांनी विचारलं.

"मग काय तर. तुमचा नाडगोंडे बराच सुटसुटीत निघाला की," मंडळात नव्याने आलेले एक गृहस्थ म्हणाले. "आम्ही उगाच घाबरत होतो."

त्र्यंबक नाडगोंड्यांना उभ्या आयुष्यात कोणी सुटसुटीत म्हटलं नव्हतं. या दिग्दर्शकाने मोजकेच सिनेमे काढले आणि एकूण एक पडले. पंचगंगेवर हवा तसा उजेड पडेना म्हणून अख्ख्या चमूला आठवडाभर भेळ खात बसवून ठेवणारा हा माणूस. तो नटांना पाठमोरं उभं करायचा. चेहरा खोटं बोलतो, पाठ बोलत नाही, असं म्हणायचा. हे वाक्य विश्रामरावांनी मंडळात, लग्नांत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनाही ऐकवलं होतं. आणि नाडगोंड्यांचा 'तरीचा माणूस' म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. लेकीला शाळेसाठी तरीतून, म्हणजे नावेतून, पैलतीरी सोडायला निघालेल्या नावाड्याची ती गोष्ट. कोल्हापुरात त्यांच्याइतका तो सिनेमा पाहिलेला दुसरा माणूस नव्हता.

चहा तसाच टाकून ते आत गेले आणि शेवट पुन्हा लावून पाहिला. नाव काठाला आली, सनई वाजली. पुन्हा लावला. सनईच. निरोपाचा अख्खा प्रसंग गायब होता. दुसऱ्या दिवशी चित्रनिधीचं दार उघडायच्या आधीच विश्रामराव पायरीवर हजर होते.

चित्रनिधी ही जुने सिनेमे सांभाळणारी संस्था. तिथल्या सानिया मुल्लाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपल्या पडद्यावर काहीबाही उघडून बराच वेळ पाहत राहिली.

"काका, प्रसंग कुणी कापलेला नाही," ती शेवटी म्हणाली. "तो गळून गेलाय."

"गळायला ती काय पालवी आहे?"

सानियाने घरोघरच्या पडद्यांवर असतो तसा, मण्याएवढा नेत्रमापक टेबलावर ठेवला. पाहणाऱ्याची नजर कुठे रेंगाळते आणि कुठे ढळते, हे तो टिपतो. त्यावरून सिनेमाची यंत्रातली 'जिवंत प्रत' स्वतःला लांबवते, आखडते, प्रत्येकाच्या मनाजोगी होते. हल्ली कुणाला कुठलाच सिनेमा कंटाळवाणा वाटत नाही तो त्यामुळे, हे विश्रामरावांना ठाऊक होतं. पुढचं मात्र ठाऊक नव्हतं.

"वरचेवर कुणी न बघितलेला भाग प्रत आधी बाजूला ठेवते, मग टाकून देते," सानिया म्हणाली. "लाखो प्रेक्षक असले की एकाच्या नजरेने काही बिघडत नाही. पण या सिनेमाला प्रेक्षकच..." ती थांबली.

"बोला."

"तुम्हीच आहात, काका. गेली काही वर्षं फक्त तुम्हीच. आणि या जागी दर वेळी तुमचे डोळे बंद. यंत्राला वाटलं, तुम्हाला हा भाग नकोसा आहे."

"नकोसा?" विश्रामरावांचा आवाज चिरकला. "अहो, बघवत नाही म्हणून मिटतो. इतका आवडतो म्हणून."

"ते त्याला कसं कळणार?"

मूळ रिळं तर केव्हाच आंबून चिकटून गेली होती. नाडगोंड्यांना जग विसरलं तेव्हा आपण त्यांना जपलं, असं विश्रामराव सगळ्यांना अभिमानाने सांगत. आणि आपणच आपल्या प्रेमाने त्यांचा सर्वांत मोठा प्रसंग पुसून बसलो होतो.

"एक करता येईल," सानिया म्हणाली. "नटांची बाकीची दृश्यं आहेत. तुम्ही प्रसंग सांगा, यंत्र तो पुन्हा उभा करेल. कोण कुठे आहे, काय करतंय, सगळं सांगा."

विश्रामराव सरसावून बसले. "नाव काठाला लागते. वल्ह्याचा आवाज येतो. पोरगी उतरते, चिखलात पावलं वाजतात. मग शांतता. मग बाप तिला जवळ घेतो आणि ती हसते."

"उजवीकडून घेतो की डावीकडून? नावेत की काठावर?"

विश्रामराव आठवू लागले. पहिल्यांदा सिनेमा पाहिला तेव्हाही त्यांनी या जागी मान खाली घातली होती. तो प्रसंग त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. बापाची ती मिठी त्यांनी हसण्याच्या आवाजावरून मनात रचली होती आणि त्यावर मंडळात दोनदा व्याख्यानही ठोकलं होतं.

मग तो प्रसंग पाहिलेलं माणूस म्हणून उरल्या इंदुताई थोरवत. या निवृत्त शिक्षिकेने त्यातल्याच एका व्याख्यानात उभं राहून "तुमचा नाडगोंडे निर्दयी आहे" असं सुनावलं होतं. विश्रामरावांनी त्यांना अरसिक म्हटलं, त्या मंडळ सोडून गेल्या, आणि तेव्हापासून रंकाळ्यावर समोर आल्या की दोघंही पाण्याकडे बघत चालत. आज विश्रामराव त्यांच्या दारात उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

इंदुताई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. "मला तो सिनेमा कधी आवडला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर डोळ्यांत तेल घालून बघितला. चुका काढायच्या तर डोळे उघडे ठेवायला लागतात, शिंत्रे."

"मग सांगा. बाप तिला कसा जवळ घेतो?"

"घेत नाही. पोरगी काठावर उभी राहते. तो नावेतच, तिच्याकडे पाठ करून वल्हं धूत बसतो. ती वाट बघते. मग खडा उचलून त्याच्या पाठीत मारते. लागतो, म्हणून हसते. त्याने वळावं म्हणून हसते हो. तो वळत नाही. ती निघून जाते आणि आपण नुसती त्याची पाठ बघत बसतो. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नव्हते."

ज्या वाक्यासाठी विश्रामरावांनी दातांच्या डॉक्टरांनाही सोडलं नव्हतं, ते ज्या प्रसंगासाठी जन्मलं होतं त्याच प्रसंगाला त्यांनी पाठ फिरवली होती.

"निर्दयी म्हणाले खरी," इंदुताई हळू आवाजात म्हणाल्या. "पण मला एवढा दुसरा कुठला सिनेमा आठवत नाही. आणि एक सांगते, तो खडा होता की चिखलाचा गोळा, ते मी छातीठोक नाही सांगणार."

दोघं मिळून चित्रनिधीत गेले. इंदुताई सांगत गेल्या, सानिया यंत्राला समजावत गेली. संध्याकाळच्या आत प्रसंग उभा राहिला.

"आता एकदा तुम्ही बघायचा, काका," सानिया म्हणाली. "या प्रतीला ओळख तुमच्याच नजरेची, तिच्यावर तो पक्का होईल. नेत्रमापक बंद करता येत नाही. मिटलेत डोळे, तर पुन्हा गळेल. आणि एकदा उभा केलेला प्रसंग गळला तर यंत्र तो पुन्हा उभा करत नाही."

खोलीत अंधार झाला. नाव काठाला लागली. वल्हं वाजलं आणि पापण्या आपोआप जड झाल्या. इंदुताईंनी त्यांच्या कोपराला करकचून चिमटा काढला. विश्रामरावांनी डोळे सताड उघडे ठेवले. त्यांतून पाणी वाहत होतं, तरी मिटले नाहीत.

पोरगी काठावर उभी होती. नावाडी पाठमोरा होता. तिने वाकून काहीतरी उचललं, फेकलं, आणि ते हसू आलं. आयुष्यभर ऐकलेलं हसू त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. वळ रे बाबा, एकदा वळ, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि नजर त्या पाठीवर खिळली होती. पडद्याच्या कडेला नेत्रमापकाचा मणी मिणमिणत होता.

नावाड्याची मान किंचित हलली.

विश्रामरावांनी पापणी न लववता इंदुताईंचा हात घट्ट धरला. "इंदुताई, खरं सांगा," ते पुटपुटले. "तेव्हा मान हलली होती का हो?"