न विचारता सांगितलेला खाडा

पटलं नाही तर हसा, पण हे माझ्या सख्ख्या चुलतबहिणीच्या, निशाताईच्या बाबतीत घडलंय. कोल्हापुरात, २००८ च्या गणपतीतल्या रविवारी. आणि रात्री नाही... भर दुपारी.

ताई तेव्हा एमसीएला होती, हॉस्टेलवर राहायची. प्रोजेक्ट म्हणून तिनं मेसच्या दारात टचस्क्रीन बसवला होता. त्यावर सगळ्या मुलींचे फोटो. जेवायला आलीस की आपल्या फोटोवर बोट ठेव, चौकट हिरवी. येणार नसलीस तर खाडा, चौकट लाल. मैत्रिणीचा खाडाही सांगता यायचा, खाली सांगणारीचं नाव उमटायचं. जी दिसली नाही तिची बाकीच्यांनी चौकशी करायची. मुली भलत्याच खूश होत्या.

हे खूळ ताईच्या डोक्यात का आलं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आदल्या वर्षी शेजारच्या खोलीतली हुपरीची संयोगिता तापानं बंद खोलीतच वारली. दोन दिवस कुणाला पत्ता नाही. कारण ताईनंच मेसमध्ये सांगितलं होतं, "गावाला गेली असंल ती. खाडा धरा."

न विचारता.

त्या रविवारी बहुतेक मुली घरी गेलेल्या. ताईच्या अंगात कणकण होती. ती जेवायला उतरली, फोटोवर बोट ठेवलं.

टिक्...

चौकट लाल.

पुन्हा ठेवलं. लालच.

"मावशी, माझा खाडा कुणी सांगितला?"

"मला काय ठावं?" स्वयंपाक करणाऱ्या झुंबरबाई आतून ओरडल्या. "मगाशी टिकटिक वाजली की. बघितलं तर कोण न्हाय."

ताईनं फोटोखाली पाहिलं. सांगणारीचं नाव...

संयोगिता.

ते नाव ताईनं यादीत घातलंच नव्हतं.

ती धावत खोलीत गेली, आतून कडी लावली. ताप चढत गेला. चारला लाइट गेली, पंखा थांबला. सगळं हॉस्टेल गप्प...

खालून टिकटिक मात्र चालूच होती.

संध्याकाळी झुंबरबाई ताट घेऊन वर आल्या. हाका मारल्या, दार बडवलं. शेवटी दार फोडलं, तेव्हा ताई बेशुद्ध होती.

"खाडा असू दे न्हायतर नसू दे," दवाखान्यात झुंबरबाई म्हणाल्या, "येऊन इचारायला नको व्हय?"

ताई ढसाढसा रडली.

"तिला मला न्यायचं होतं, की नुसती आठवण द्यायची होती?" ताई अजून विचारते.

ती आजही खोलीला आतून कडी लावत नाही.