दारची खोली

धाकटीला दारची खोली बदलून हवी होती, म्हणून तिने इंटिरियरवाल्या बाईंना बोलावलं होतं. सकाळची वेळ, बाहेर कोरडी बोचरी थंडी. बाई टेप काढून कामालाच लागल्या.

आता खोली म्हणायचं ते आपलं म्हणायला. बाहेरचं लाकडी दार आणि आतलं काचेचं दार यांच्यामध्ये सापडलेली ती एक चिंचोळी जागा. खिडकी नाही, वर एक मिणमिणता दिवा, आणि एका भिंतीला चिकटून अरुंद बाकडं.

"घराचा चेहरा असतो हो हा," बाई म्हणाल्या. "माणसाने पाऊल टाकलं की त्याला वाटलं पाहिजे, इथे कुणीतरी आपली वाट बघत होतं."

धाकटीने चमकून मान वर केली. बाई आपल्याच नादात होत्या. कुठे आरसा, कुठे खुंट्या, दिवा कसा हवा... बोलता बोलता त्या काचेच्या दारापाशी थांबल्या.

"याला आतल्या बाजूने एवढी जाडजूड कडी? घरातल्या घरात कुणाची भीती?"

"आधीच्या मालकांनी लावलेली आहे," धाकटी म्हणाली.

"आणि हे?" बाकड्याच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर भिंतीला एक काळपट तेलकट डाग होता. बाईंनी त्यावर बोट फिरवलं. "कुणीतरी बरीच वर्षं बसलंय इथे."

"कामवाली होती एक. गेली ती."

कामवाली नव्हती. ती धाकटीची सख्खी थोरली बहीण होती, ताई.

आईवडील गेले तेव्हा धाकटी शाळेच्या पहिल्या इयत्तेतही नव्हती. ताईने स्वतःची शाळा सोडली आणि शिलाई मशीनवर बसली. लोकांचे कपडे शिवून तिने धाकटीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. सुईत दोरा ओवता येईनासा झाला तेव्हा तिची भाड्याची खोलीही गेली, आणि एका पिशवीत सगळा संसार घालून ती धाकटीच्या दारात येऊन उभी राहिली.

"चार दिवस इथे काढ," धाकटी तिला दारच्या खोलीत बसवत म्हणाली, "मग आतली खोली रिकामी करून देते."

आतली खोली कधी रिकामी झालीच नाही. ताईला खोकला होता, म्हणून आत नको. तिच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास येई, म्हणून सोफ्यावर नको. धाकटी आणि तिचा नवरा बाहेर जाताना काचेच्या दाराला आतून कडी घालत आणि स्वयंपाकघराच्या दाराने निघत. जेवणाचं ताट तेवढं त्या दारातून बाहेर सरकवलं जाई. पाहुणे आले की ताईच उठून दार उघडायची, हसून "या, या" म्हणायची, त्यांचे कोट खुंटीला लावायची. कुणी विचारलं तर धाकटी सांगे, "कामवाली आहे." ताईच्या कानावर ते पडे. तिने कधी ब्र काढला नाही. फक्त रात्री थंडी फार झाली की ती काचेवर नखाने हळूच वाजवायची. टिक... टिक... आणि आत धाकटी उशी कानावर घेऊन कूस बदलायची.

मागच्या हिवाळ्यात दोघं नवराबायको फिरायला गेली. म्हातारी कुठे भटकायला नको म्हणून बाहेरच्या दाराला कुलूप, आतल्या दाराला कडी. ताईपाशी तांब्याभर पाणी आणि पावाची एक लादी ठेवली. जागा आवडली म्हणून मुक्काम वाढवला. वाढवताना धाकटीला ताईची आठवण झाली नाही असं नाही. झाली. "असेल पाव अजून," ती म्हणाली आणि नवऱ्याने मान डोलावली.

दोघं परत आली तेव्हा ताई बाकड्यावर ताठ बसलेली होती, तोंड काचेच्या दाराकडे. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थांबलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हळहळ केली ती कामवालीसाठी.

तर ही जागा आता नवी करायची होती.

बाईंनी जीव ओतून काम केलं. बाकडं गेलं, त्या जागी खाली बुटांचे कप्पे असलेली गादीची बैठक आली. डागावर पानाफुलांचा वॉलपेपर बसला. कोणी पाऊल टाकलं की आपोआप उजळणारा मंद पिवळा दिवा आला. बाहेरच्या दाराला नवं कुलूप बसलं, ओढून घेतलं की लागणारं आणि दोन्ही बाजूंनी किल्लीनेच उघडणारं. आणि काचेच्या दारात धाकटीने हट्टाने जाड दुहेरी काच बसवून घेतली, दुधी रंगाची.

"एवढी जाड कशाला?" बाईंनी विचारलं.

"बाहेरचा आवाज आत यायला नको."

"कडी तरी काढू का ती? शोभत नाही हो."

"राहू दे."

पहिली आली ती धाकटीची मैत्रीण. आत शिरली तीच हसत. "अगं, काय सुंदर झालंय! दारातच इतकं बरं वाटलं ना... तुझी ती कामवाली परत आली वाटतं? दार उघडलं, माझा कोट घेतला, बूट सरळ करून ठेवले. किती मायेने विचारलं, 'थंडी फार आहे का हो बाहेर?'"

धाकटीने हातातला ग्लास खाली ठेवला. "कोण? कोणी नाहीये घरी."

"चल, काहीतरीच." मैत्रीण बाहेर डोकावली. दारच्या खोलीत कोणी नव्हतं. कोट मात्र खुंटीला होता, आणि बूट जोडीने, टाचा भिंतीला लावून.

मग हे असंच होत राहिलं. वीजमीटर बघायला आलेला माणूस म्हणाला, "बसायला सांगितलं हो त्यांनी, पण मी घाईत आहे." नवऱ्याचा साहेब म्हणाला, अशी अदब हल्ली बघायला मिळत नाही. जो येई तो खुशीत येई. इंटिरियरवाल्या बाई तर हरखूनच गेल्या. "बघा, मी म्हटलं नव्हतं? जागाच बोलते माणसाशी!"

धाकटी स्वतः जाई तेव्हा तिथे काहीच नसे. कोरी गादी, कोरा आरसा. पिवळा दिवा मात्र तिच्यासाठी लागत नसे. तिने हात हलवून पाहिला, उडी मारून पाहिली. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर त्याच्यासाठी दिवा लख्ख लागला. "नीट आहे की," तो म्हणाला. "तुम्ही बहुतेक फार हळू चालता."

आणि वास. नव्या रंगाच्या, नव्या लाकडाच्या वासाखालून मशीनच्या तेलाचा वास यायचा, जरासा, अगदी जवळ कोणी उभं असल्यासारखा.

नवऱ्याने समोरच्या दाराने येणं-जाणं सोडलं. तो आता स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करी. "तिकडून गाडी जवळ पडते," तो म्हणे. गाडी मुळीच जवळ नव्हती.

"घाबरलात की काय?" धाकटीने एकदा त्याला चिडवलं.

तो हसला नाही. "तुला काचेत कधी काही दिसतं का गं?" त्याने हळूच विचारलं.

"काय दिसणार? काहीही बोलू नका."

पुढे त्याने तो विषय काढला नाही. बसायची खुर्ची मात्र फिरवली, पाठ काचेच्या दाराकडे करून.

मग त्या रविवारी धाकटीने सगळ्या ओळखीच्यांना चहाला बोलावलं. मुद्दाम. घर माणसांनी भरलं की हे खूळ जाईल असं तिला वाटलं. लोक आले, दारातच खुलले, कौतुक करून दमले. कोणीतरी म्हणालं, "बाहेरच्या त्यांनाही चहा द्या हो, बिचाऱ्या केव्हापासून उभ्या आहेत." धाकटी हसली आणि विषय बदलला.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळे निघाले. शेवटच्या जोडप्याला निरोप द्यायला धाकटी दारच्या खोलीत आली. ते दोघं बाहेर पडले, पाहुण्यांसाठी दुपारभर उघडं ठेवलेलं दार त्यांच्या मागे ओढलं गेलं, कुलूप खट्कन लागलं. तिची किल्ली आत, पर्समध्ये होती.

दिवा विझला.

अंधारात तिच्या कानाशी कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "थांबा हं... आत विचारून येते."

तेलाचा वास तिच्या अंगाला घासून गेला. काचेचं दार उघडलं, आतला उजेड पट्टीसारखा तिच्या पायांवर पडला, आणि तिने हात पुढे करायच्या आत दार मिटलं. आतून कडी सरकली.

"अहो!" तिने काचेवर थाप मारली. "अहो, कडी काढा! ही काय थट्टा?"

काच जाड होती. तिचा आवाज त्या चिंचोळ्या जागेत फिरून तिच्याच तोंडावर आला. दुधी काचेपलीकडे तिला नवऱ्याची आकृती खुर्चीतून उठताना अंधूक दिसली. तो वळला. जागच्या जागी खिळला.

तिने दोन्ही हातांनी काच बडवली. मग नखांनी वाजवली.

तो पुढे आला. काचेला तोंड लावून काहीतरी बोलला. तिने कान टेकला, तेव्हा कुठे खोल विहिरीतून आल्यासारखे शब्द ऐकू आले.

"ताई... तुम्ही जा ना. हात जोडतो तुम्हाला... रोज का येता?"

"अहो, ताई नाही! मी आहे, मी!"

"रोज उभ्या असता इथे. मी तिला सांगितलं नाही. कुणालाच नाही सांगितलं... जा हो ताई."

तिने घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. तो मागे सरला. जाताना त्याने घाईघाईने काचेवरचा आतला पडदा ओढला, आणि उजेडाची उरलीसुरली कड गेली.

रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. त्या जागेत रात्र कशी जाते हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. थंडी फरशीतून वर यायची आणि गुडघ्यांत बसायची. धाकटीने बाहेरच्या दारावर धडका मारल्या. रस्ता लांब होता, माणसं घरोघर दारं लावून बसली होती. तिने बुटाने काच फोडायचा प्रयत्न केला, ओरखडाही उमटला नाही. मग हात सुजले. मग आवाज गेला. नवरा आपल्याला शोधेल, ती मनाला सांगत राहिली. अंथरुणात बायको नाही म्हटल्यावर कोणीही शोधेल. आता उठेल. आता दिवे लागतील. आता हाका मारेल.

कोणी हाक मारली नाही.

पहाटे कधीतरी थकून ती बैठकीवर बसली आणि तिचं डोकं आपोआप भिंतीला टेकलं. डोळे काचेच्या दारावर लागून राहिले, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच.

उजाडलं. पडदा सरकला. कडी निघाली.

दारात नवरा उभा होता. झोपेतून उठलेला, विस्कटलेले केस. काल रात्री नीट झोप झालेली असावी असा चेहरा, आणि मग तिला पाहताच तो चेहरा पांढराफटक पडला.

ती उठायला गेली, पाय उचलले गेले नाहीत. तोंड उघडलं, नुसती हवा बाहेर आली. मोठ्या कष्टाने तिने शब्द जुळवले. "अहो... मी... मला आत..."

"आम्ही चुकलो," तो कुजबुजला. "कबूल आहे, आम्ही चुकलो. पण आता तुम्ही गेलात, ताई. तुम्ही गेलात."

"ताई नाही... मी..." तिने सुजलेला हात पुढे केला. तो तिच्या हाताकडे बघत मागे सरला, जणू हातात काही जळत होतं.

तेवढ्यात घरातून, स्वयंपाकघराकडून हाक आली. स्वच्छ, ठसठशीत, थोडी करवादलेली. आयुष्यभर जो स्वतःच्या घशातून निघताना ऐकला होता तो आवाज धाकटीला ओळखता न येणं शक्यच नव्हतं.

"अहो, दारात कोण आहे सकाळी सकाळी?"

नवऱ्याने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याची नजर धाकटीच्या चेहऱ्यावरच होती.

"कोणी नाही," तो म्हणाला.

त्याने दार मिटलं, कडी घातली. धाकटी घसटत काचेपाशी आली आणि कान टेकून बसली. आत पावलं गेली, खुर्ची सरकली. मग चमचा ढवळल्याचा किणकिण आवाज आला, आधी एका कपात, मग दुसऱ्या.