दोऱ्याविना चाललेलं मशीन

प्रेमापायी राज्यं बुडाली, तलवारी निघाल्या, शहाणीसुरती माणसं रानोमाळ भटकली. या गल्लीत प्रेमापायी एक शिलाई मशीन आठवडाभर दोऱ्याविना चाललं.

धरणाने तळ दाखवला होता. नळाला चार दिवसांआड पाणी, आणि त्यातलं निम्मं वाटेतच गळायचं. म्हणून पाणीखात्याने गळती ऐकणारा एक तरुण नेमला. लोखंडी काठीचं एक टोक रस्त्यावर, दुसरं कानाला. जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते तो ऐकायचा. पहिल्याच दिवशी तो टेलरबाईच्या दारात आला.

“ताई, मशीन जरा थांबवाल? काही ऐकू येत नाहीये.”

आवाज असा मऊ, की तिने मशीनच काय, पंखाही बंद केला. त्याने डोळे मिटून काठीला कान लावला… आणि तिला त्या काठीचा हेवा वाटला. ‘ताई’ तेवढं खटकलं.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी समोर गाणं शिकवणाऱ्या बाईच्या फाटकाशी गुडघे टेकू लागला. ती बाहेर यायची, भर टंचाईत त्याला पाणी विचारायची. आणि तिला तो चक्क ‘मॅडम’ म्हणायचा!

टेलरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने गुडघे टेकले, की ही मशीन सुरू करायची. कापड नाही, दोरा नाही, नुसता पाय. ऐक म्हणावं आता. घरातून तिची आत्या म्हणाली, “अगं, मशीनने काय घोडं मारलंय?”

आठवड्याने तो दारात उभा.

“सापडत नाही ना गळती?” तिने होईल तितक्या सहानुभूतीने विचारलं.

“सापडली. पहिल्याच दिवशी, वळणापलीकडे. खड्डाही बुजवला.”

“मग मॅडमच्या फाटकाशी काय ऐकता?”

“तुमचं मशीन. जेवणाच्या सुट्टीत येतो.” त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. “कापडावर चालतं तेव्हा भरीव वाजतं. मी बसलो, की पोकळ. वाटलं… माझ्यासाठीच असावं.”

तिचा पाय थांबला.

“आणि ‘ताई’?”

“खात्याने सगळ्यांना तेच म्हणायला सांगितलंय. मॅडमनी दटावलं, म्हणून त्या मॅडम. तुम्ही कुठे काही बोललात?”

“आत्ता दटावते आहे,” ती हळूच म्हणाली.

त्याने काठी दाराला टेकवली.

“मग… एक मागू?” त्याने विचारलं.

तिने मान खाली घातली.

“पँटचे दोन्ही गुडघे फाटलेत. ठिगळं लावून द्याल? जरा दोरा घालून.”