अर्धं पुसलेलं कपाळ

दुपारच्या चर्चेला दहा मिनिटं उरली होती आणि ती आपल्या सख्ख्या धाकट्या भावाच्या कपाळाला पावडर लावत होती. टीव्हीवर येणाऱ्यांचे चेहरे सजवण्यात तिची वीस वर्षं गेली. पण आज स्पंज त्या कातडीला टेकला की तिला शिसारी येत होती...

शेजारच्या खुर्चीत भावासारखाच, पण दुसऱ्या धर्माचा पुढारी बसला होता. पडद्यावर दोघे एकमेकांचा धर्म, वंश, पूर्वज सगळं काढणार होते. इथे मात्र दोघांना एकाच डब्यातली पावडर चालत होती आणि दोघे एकाच विषयावर खिदळत होते. विषय होता तिचा मुलगा! तो एका पुरुषाबरोबर संसार करत होता आणि तो पुरुष नेमका त्या पुढाऱ्याच्या धर्माचा आणि वंशाचा.

"एक तुमचा, एक आमचा," पुढारी म्हणाला. "घाण निदान निम्मी निम्मी वाटली गेली."

भाऊ पोट धरून हसला. पावडर लावणारी बाई त्या मुलाची आई आहे, हे पुढाऱ्याला ठाऊक नव्हतं. भावाला होतं.

आईबापांमागे याला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. समाजात याची मान खाली जाऊ नये म्हणून तीन वर्षं पोटच्या पोराशी अबोला धरला होता... तोच पोरगा, जो लहानपणी शाळेतून आला की टीव्हीसमोर बसायचा आणि फोन करून सांगायचा, आई, आज त्या काकांचं नाक चमकतंय. तिला आता स्वतःचीच किळस आली.

चर्चा सुरू झाली. "माझ्या बहिणीने स्वतः त्या पोरावर पाणी सोडलंय," भाऊ कॅमेऱ्यासमोर गहिवरून म्हणाला.

जाहिराती लागल्या. ती घाम टिपायला आत गेली. ओल्या कापसाने तिने त्याचं अर्धं कपाळ खसाखसा पुसून काढलं.

"ताई, काय करतेयस?"

"मी पाणी सोडलं नव्हतं. तू सोडायला लावलंस."

स्पंज त्याच्या मांडीवर टाकून ती बाहेर पडली. मागे दिवे लागले, चर्चा पुन्हा सुरू झाली.

जिन्यापर्यंत पोचते तोच फोन वाजला. नंबर तिला पाठ होता.

"आई..." पलीकडून मुलाचा आवाज आला. "मामाचं अर्धं कपाळ चमकतंय."

म्हणजे तीन वर्षं तो रोज बघत होता... परक्या चेहऱ्यांवर आईचा हात शोधत होता! ती पायरीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली.

"राहू दे तसंच," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही दोघं घरी कधी येताय?"