ढोल्याला वळण लावलं

दिवा राहू द्या तसाच, माझ्या डोळ्यांवर येत नाही. तुम्ही पिल्लू आणायचं म्हणताय म्हणून सांगते, एरवी हा विषय मी काढत नाही.

ढोल्याला आम्ही बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणलं. गाडीत तो भिंगरीच्या मांडीवर शहाण्यासारखा झोपला होता. भिंगरी म्हणजे आमची लेक. पाय जमिनीला टेकतील तर शपथ. नवरा म्हणाला, "चला, घरात एक तरी शांत प्राणी आला." त्याच संध्याकाळी शांत प्राण्याने दात दाखवले.

स्वयंपाकघरातून भिंगरीच्या खोलीकडे जायला एक अरुंद पॅसेज होता. त्याच्या टोकाला कोरी भिंत, आणि तिच्या बाजूला खोलीचं दार. दिवेलागणीला तिथे ओल्या गोणपाटासारखा वास सुटायचा; आम्ही त्याचं बिल गळक्या नळावर फाडायचो. त्या वेळी ढोल्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहायचा. मानेवरचे केस ताठ, आणि भिंतीकडे बघून गुरगुर. मधे कोणी आलं की चावायचा. एकदा भिंगरी धावत आली, आणि त्याने तिच्या पोटरीत दात रुतवले.

नवऱ्याचा पारा चढला. "उद्याच्या उद्या परत!" पण निवाऱ्यातल्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, लहान मुलाला चावलेलं पिल्लू पुन्हा कोणी नेत नाही, त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन देतात. भिंगरी पट्टी बांधलेल्या पायाने लंगडत गेली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली. माझा जीव तुटला. म्हणून मग मास्तरांना बोलावलं. कुत्र्यांना वळण लावणं हाच त्यांचा धंदा.

"मारायचं नाही, ओरडायचं नाही," मास्तर म्हणाले. "गुरगुरतो म्हणजे तो घाबरलाय. भीतीची वस्तू दिसली रे दिसली की तोंडात चिकनचा तुकडा. वस्तू गेली की तुकडे बंद. बघा, थोड्या दिवसांत तो तिची वाट बघायला लागेल."

"पण मास्तर, तिथे वस्तूच नाही."

ते बराच वेळ ढोल्याचे डोळे निरखत राहिले. "नजर वर आहे त्याची... उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी." मग हसले. "असेल एखादी पाल. आपल्याला गुरगुर थांबल्याशी मतलब."

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं सासूबाई फोनवरून ऐकवायच्या. त्यांना खोटं पाडायचा मी चंगच बांधला. रोज दिवेलागणीला चिकन उकडून त्याच्याशेजारी बसायचे. गुरगुर खरंच कमी झाली. आणि ती जसजशी कमी झाली, तसतशी त्याची नजर भिंतीवरून सुटली. रोज थोडी पुढे सरकायची. शेवटी तो उंबऱ्यातून बाजूला झाला, खोलीच्या आत बघून शेपूट हलवायला लागला. तो इतके दिवस कोणाला तरी अडवत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मास्तरांना फोन केला, म्हटलं, "सुधारला हो पोरगा."

एका संध्याकाळी मी कांदा चिरत होते. चिकनचा डबा समोर ओट्यावरच होता. एकदम लक्षात आलं, घर चिडीचूप आहे. आमच्या घरात भिंगरी जागी असताना असं कधी होत नाही. आणि तो वास... कांद्याच्या वरचढ, थेट नाकात. सुरी ठेवली आणि हळूच तिच्या खोलीशी गेले.

ढोल्या पलंगाजवळ हनुवटी वर करून बसला होता. हवेतून त्याने काहीतरी अलगद दातांत धरलं आणि चावायला लागला. शेजारी भिंगरी. तशीच बसलेली, तशीच हनुवटी वर. तिचंही तोंड हलत होतं.

"भिंगरी... तोंडात काय आहे?"

"खाऊ."

"कोणी दिला?"

ती वर बघून हसली. "हिनं. आई, मी आधी घाबरायचे ना... आता नाही घाबरत."

"थुंक. आत्ताच्या आत्ता थुंक!"

तिने गिळलं. मी तिला उचलायला पुढे झाले, तर ढोल्या उठून मधे उभा राहिला. मानेवरचे केस ताठ झाले आणि तो माझ्याकडे बघून गुरगुरला.

तरी मी तिला ओढून काढलं. हातावरचा हा वण त्याच्याच दातांचा. लगोलग घर सोडलं आम्ही. ढोल्याला मास्तर घेऊन गेले. फार गुणी कुत्रा म्हणून लोकांना दाखवतात.

भिंगरी मात्र तेव्हापासून आमच्या हातचं खात नाही. वाढलेलं ताट तसंच परत जातं. रागावून झालं, हातापाया पडून झालं. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं आणि मलाच हसले. म्हणाले, "उगाच काय घाबरता? वजन छान वाढतंय की तिचं."